सरळ रेषेत

मोपा ते लाजेस:
नऊ हजार आठशे पस्तीस किलोमीटर.
विमानाला बारा तास, चार मिनिटे.
मोबाईलच्या पडद्यावर तांबडी कमान उमटली,
इराण, तुर्कस्तान, इटलीचा बूट ओलांडून
अटलांटिकातल्या एका ठिपक्यावर टेकली.
खाली बारीक अक्षरांत:
या मार्गावर थेट विमान नाही.

मी आईला बारा तासच सांगितले.

आजोबांचा जन्म पोर्तुगीज वहीत नोंदलेला,
त्या एका ओळीवर सगुण उडाला.
तीन विमाने, एकतीस तास,
लिस्बनच्या बाकड्यावर एक रात्र,
उशाला बॅग, बॅगेत सोलं.
शेवटचे विमान बेटावर दोनदा घिरट्या घालून परत फिरले,
वारा आडवा होता म्हणे.
हे मी आईला अजून सांगितलेले नाही.

"किते लागता रे थंय पावपाक?"
ती फोनमध्येच विचारते, सगुणला,
तो हसतो, आणि मग मला उत्तर द्यावे लागते.
बारा तास म्हणजे
दोन वेळची चूल आणि मधली एक झोप.
"आणि पृथ्वीच्या मानाने?"
पोराचा शाळेतला गोल घेतला,
शिवणाच्या टेपने मापला.
जवळजवळ बरोबर पाव.
आईने उंडो चार ठिकाणी फोडला,
एक तुकडा बराच वेळ हातात धरला,
"इतकोच?" म्हणाली,
आणि चहात बुडवून खाल्ला.

मी निर्गमनाच्या काचा पुसते, रात्रपाळीला.
काचेपलीकडे दिव्यांची रांग
जिथे संपते, तिथून थोडे पुढे
आमचा काजूचा तुकडा होता.
सड्यावर बापू म्हशी सोडायचे,
कातळात पाणी साचायचे, त्यात म्हशी नि आम्ही.
चांदेलला मावशी.
इकडे चुलीवर भात ठेवून निघाले
तर तिकडे पोचेपर्यंत शिजायचा.
आता मध्ये कुंपण.
तारेवर पाटी, पाटीवर तीन भाषा.
वळसा घालून दोन बसगाड्या, दुसरी वेळेवर आली तर दीड तास.
मावशीच्या मांडवावरचा दिवा
आमच्या पडवीतून दिसतो.
ते अंतर मी मोबाईलवर मापून पाहिले नाही.

सगुण म्हणतो, लाजेस म्हणजे त्यांच्या भाषेत
दगडाच्या लाद्या.
"सडोच मरे तो," आई म्हणाली,
आणि तिचे अर्धे काम झाल्यासारखी
पाय लांब करून बसली.
तिथेही गवत आहे, धुके आहे,
काळ्या दगडांचे गडगे आहेत,
माणसांपेक्षा गाई जास्त.
पहाटे पाचला तो दूध काढतो,
आमचे साडेअकरा झालेले असतात,
मासळी चिरून झालेली असते.

परवा त्याने फोन गाईसमोर धरला.
काळीपांढरी, कानात पिवळा बिल्ला, बिल्ल्यावर आकडे,
आमच्या सामानाला असतात तसे.
आईने चष्मा लावला.
मग एकदम, जुन्या आवाजात,
सड्यावरून संध्याकाळी घालायची ती हाक घातली:
"मोरेऽऽ, ये गो, येऽऽ"
शेजारची कुत्री उठली.
मावशीच्या बाजूला, कुंपणापलीकडे,
कोणाचे तरी वासरू हंबरले.
पडद्यावरची गाय चरत राहिली.

"तिला आमची भाषा कळत नाही गो आई."

आईने चष्मा काढला, पदराने पुसला.
"मग शिकय तिका," म्हणाली,
"तुका खंय वेळ ना?"